पायींची वहाण

'पायींची वहाण पायींच बरी' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं इतकी बसलेली आहे कीं, ती उच्चारतांना आपण कोणाचा अपमान करीत आहों याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. जो मनुष्य आपली पायरी सोडून वर येऊं पाहतो त्याला उद्देशून ही म्हण वापरावयाची, हें उघड आहे. पण तींत त्या माणसाबरोबर वहाणेचा अपमान आहे, वहाण करणाऱ्याचा आहे, आणि मुळांत पायाचा आहे. जें हीन असेल तें पायापाशीं, आणि जें पायापाशीं असेल तें हीन, असा हा दुहेरी समज आपल्या समाजानें शेंकडों वर्षें बाळगला. परिणाम असा झाला कीं, डोक्यावरच्या पगडीचे व पागोट्याचे नाना प्रकार ज्यांस सांगतां येतात, त्या सुशिक्षित गृहस्थांस आपला पाय जमिनीवर कसा पडतो आणि आपल्या जोड्याचा तळ कोणत्या बाजूनें झिजतो हें विचारल्यास ते निरुत्तर होतात.

प्रस्तुत निबंधांत मनुष्याची चाल आणि त्याचें पादत्राण यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास थोडक्यांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. परंतु ज्या महाराष्ट्रांत सर्वांत मोठा धर्मसोहळा म्हणजे पायीं चालणें, त्या महाराष्ट्रांत तरी पायाचा इतिहास क्षुल्लक ठरूं नये.

पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, हडपसरच्या पुढें, लोणी काळभोर हें गांव आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांनीं १७७२ सालीं जेथें देह ठेविला तें थेऊर येथून जवळच. १८६० च्या सुमारास आगगाडीचा मार्ग सोलापुरापर्यंत पोंचला, तो याच गांवाच्या शिवारांतून. आज या गांवांत मोठ्या शिक्षणसंस्था आहेत, आणि पेट्रोल व डिझेल सांठविण्याचीं मोठमोठीं केंद्रेंही आहेत. परंतु वाहनांचें इंधन जेथें सांठविलें जातें, त्याच गांवच्या रस्त्यावर दरसाल ज्येष्ठ महिन्यांत वाहनें थांबतात आणि माणसें चालतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसरला ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपासून वेगळी होते. ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढून सासवडास जाते, आणि तुकोबांची सोलापूरच्या रस्त्यानें लोणी काळभोरच्या परिसरांत मुक्कामास येते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनीं १६८५ सालीं हा पालखीसोहळा सुरू केला. म्हणजे सव्वातीनशेंहून अधिक वर्षें ही चाल चालू आहे.

या चालीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. देहूपासून पंढरपूर सुमारें २५० किलोमीटर. साधारण मनुष्याचें एक पाऊल सव्वादोन फुटांहून थोडें कमी धरलें, तर एका वारकऱ्यास एका वारींत चार लाखांच्या आसपास पावलें टाकावीं लागतात, म्हणजे प्रत्येक पायास दोन लाख. दर पावलास सर्व देहाचा भार एका पायावर येतो. ६० किलो वजनाचा मनुष्य धरला तर, एकेका पायानें त्या अठरा-वीस दिवसांत मिळून १२ हजार टनांचा भार पेललेला असतो. हें ओझें उचलणाऱ्या अवयवास आपण हीन म्हणतों, आणि त्याला आधार देणाऱ्या वस्तूच्या नांवानें माणसांस हिणवितों!

मग चालणें म्हणजे काय? पुढें झुकलेला देह प्रत्येक वेळीं दुसऱ्या पायानें सांवरून धरणें, असें त्याचें सोपें वर्णन करतां येईल. एक टाच जमिनीस टेंकल्यापासून तीच टाच पुन्हां टेंकेपर्यंत जो काळ जातो त्याचे शंभर भाग कल्पिले, तर सुमारें ६० भाग तो पाय जमिनीवर असतो व ४० भाग हवेंत. दोन्ही पाय एकाच वेळीं जमिनीवर असण्याचे अल्प क्षण प्रत्येक फेऱ्यांत दोनदां येतात. धांवतांना हे क्षण नाहींसे होतात, आणि चालणें व धांवणें यांतील खरा भेद हाच होय.

पाय टेंकतो तो प्रथम टाचेच्या बाहेरच्या कडेवर. तेथून भार पावलाच्या बाहेरच्या बाजूनें पुढें सरकतो, बोटांच्या मुळाशीं जो चवडा त्यावर पसरतो, आणि शेवटीं अंगठ्याच्या रेट्यानें पाऊल जमीन सोडतें. एका पावलांत २६ हाडें आणि ३३ सांधे आहेत. हाडांची रचना कमानीसारखी असून ती कमान प्रथम किंचित् आंत झुकून धक्का सोसते, आणि लागलीच ताठ होऊन तरफेसारखें काम करते. एकच अवयव एका क्षणीं गादीसारखा मऊ आणि दुसऱ्या क्षणीं पहारेसारखा कठीण होतो, ही निसर्गाची करामत आहे. ज्याची कमान फार बसकी त्याचें पाऊल प्रमाणाबाहेर आंत कलतें. ज्याची फार उंच त्याचें बाहेरच्या कडेवरच राहतें व धक्का नीट सोसूं शकत नाहीं. मग ती कसर घोटा, गुडघा, कंबर यांना भरून काढावी लागते. गुडघेदुखीचें मूळ कधीं कधीं गुडघ्याच्या हातभर खालीं असतें, तें यामुळें.

आतां इतिहासाकडे वळूं. आपला 'वहाण' हा शब्द संस्कृत 'उपानह्' यापासून आला. त्यांतील 'नह्' धातूचा अर्थ बांधणें. म्हणजे पायाशीं जी बांधावयाची ती वहाण. जी पायास बांधलेली नाहीं ती व्युत्पत्तीच्या दृष्टीनें वहाणच नव्हे, ही गोष्ट आजच्या सैल सपाता वापरणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शतपथ ब्राह्मणांत राजसूय यज्ञाच्या प्रसंगीं राजानें वराहाच्या कातड्याच्या वहाणा घालाव्या असें विधान आहे, आणि ज्यानें राजसूय केला त्यानें यावज्जीव अनवाणी भूमीवर उभें राहूं नये असेंही सांगितलें आहे. पादत्राण हें त्या काळीं अधिकाराचें चिन्ह होतें. महाभारताच्या अनुशासनपर्वांत मात्र वहाणेची उत्पत्ति निराळी सांगितली आहे. जमदग्नि बाण सोडीत असे व रेणुका ते वेंचून आणीत असे. ऐन दुपारीं तिचे पाय व मस्तक पोळले म्हणून जमदग्नि सूर्यावरच कोपला. तेव्हां सूर्यानें छत्री आणि वहाणा त्यास दिल्या. या कथेंत वहाण अधिकारासाठीं नाहीं. ती काम करणाऱ्या स्त्रीच्या भाजलेल्या तळव्यासाठीं आहे. हे दोन प्रवाह, मान आणि गरज, पुढें पादत्राणाच्या सर्व इतिहासांत शेजारीं शेजारीं वाहतांना दिसतात.

गरजेच्या बाजूनें सर्वांत मार्मिक विचार बौद्धांच्या विनयपिटकांत आढळतो. महावग्गाचें एक संपूर्ण प्रकरण चामड्याच्या वस्तूंविषयीं आहे. सोण कोळिविस नांवाचा सुखांत वाढलेला श्रेष्ठिपुत्र भिक्षु झाला आणि चंक्रमण करतां करतां, म्हणजे ध्यानासाठीं येरझारा घालतां घालतां, त्याचे तळवे फुटून वाट रक्तानें भरली. बुद्धांनीं त्यास एकतळी वहाण घालण्याची परवानगी दिली. सोणानें उत्तर दिलें कीं, सर्व संघास परवानगी असेल तरच मी घालीन. तेव्हां ती सर्वांस देण्यांत आली. याच प्रकरणांत पुढें दुसऱ्या एका सोणाची हकीकत आहे. हा सोण कुटिकण्ण अवंतीचा. त्याच्या गुरूनें त्याच्याबरोबर बुद्धांस निरोप पाठविला तो असा कीं, आमच्या दक्षिणेकडील प्रदेशांत जमीन काळी व कठीण असून गुरांच्या खुरांनीं तुडवून ओबडधोबड झालेली असते. तेथें एकतळी वहाण पुरत नाहीं. बुद्धांनीं हें मान्य करून सीमाप्रांतांतील भिक्षूंस अनेक तळांची वहाण घालण्याची मोकळीक दिली.

ज्यानें पावसाळ्याच्या तोंडीं यवत-वरवंडकडची वाट तुडविली आहे, त्याला 'काळी, कठीण, गुरांनीं तुडविलेली' या वर्णनाची सत्यता पटण्यास भाष्याची गरज नाहीं. पण आमच्या मतें या कथेंतील खरें महत्त्वाचें तत्त्व वेगळेंच आहे. एकाच नियमांत तीन गोष्टी पाहिल्या गेल्या : पाय कोणाचा आहे, जमीन कोणती आहे, आणि काम कोणतें आहे. याच प्रकरणांत लाकडी खडावांचा पहांटे खडखडाट करून इतरांच्या ध्यानाचा भंग करणाऱ्या भिक्षूंस मनाई केली आहे, आणि नटव्या, रंगीत पादत्राणांसही. गरजेस मोकळीक आणि डौलास आळा. अडीच हजार वर्षांपूर्वींचा हा निवाडा आजच्या दुकानांतही जशाचा तसा लागू पडेल.

सातव्या शतकांत आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग लिहितो कीं, या देशांतील बहुतेक लोक अनवाणीच चालतात. मध्ययुगांतही सामान्य कुणब्याची स्थिति फारशी निराळी नसावी. तरी गांवगाड्यांत चांभार हा बलुतेदार होता. मेलेल्या जनावराचें कातडें ढोरानें कमवावें आणि चांभारानें त्याची वहाण, मोट, नाडा, आसूड करावा, अशी कामाची वांटणी होती. शेतकऱ्याची विहीर चामड्याच्या मोटेवर चाले, म्हणजे गांवचें पाणी आणि गांवचे पाय या दोहोंचा भार याच दोन जातींवर होता. मोबदल्यांत धान्याची रास, आणि मानांत गांवाच्या कडेची वस्ती!

महाराष्ट्रांत या कारागिरीचा कळस म्हणजे कोल्हापुरी वहाण. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कांत कातडें कित्येक दिवस मुरवून, खिळा न वापरतां, चामड्याच्याच वादीनें ती शिवतात. कापशी, पुकारी, बक्कलनाळी, कचकडी अशीं तिच्या प्रकारांचीं नांवें आहेत. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत, १८९४ ते १९२२ या काळांत, या धंद्यास उत्तेजन मिळालें. चालीच्या दृष्टीनें पाहतां या वहाणेचे गुण स्पष्ट आहेत. ती पुढून उघडी, म्हणून बोटें मोकळीं पसरतात. तिची टाच जवळजवळ सपाट, म्हणून देहाचा तोल पुढें ढकलला जात नाहीं. अंगठ्याभोंवतीं कडें व पावलावर पट्टा, म्हणून ती पायाशीं धरून राहते. आणि कमावलेलें चामडें घामानें व तेलानें हळूहळू मऊ होऊन मालकाच्या तळव्याचा ठसा घेतें. दोषही आहेत. नवी वहाण चावते, चिखलांत चामडें फुगतें, आणि सिमेंटच्या कठीण रस्त्यावर तिचा पातळ तळ धक्का फारसा शोषीत नाहीं. ही वहाण माळरानाच्या व शेताच्या मातीसाठीं जन्मास आली, ती मातीच स्वतः थोडी दबत असे. जमीन बदलली कीं वहाणेचा विचारही बदलावा लागतो, हें त्या अवंतीच्या सोणाचेंच म्हणणें होय.

युरोपांत पायाची उपेक्षा निराळ्या रीतीनें झाली. तेथें अनवाणी राहण्याचें संकट कमी, पण जोड्यांत कोंडलें जाण्याचें अधिक. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस काम्पर यानें १७८१ सालीं जोड्याच्या उत्तम आकारावर एक प्रबंध लिहिला. मनुष्यानें घोडे, खेंचरें, बैल यांच्या पायांची इतकी काळजी वाहिली, पण स्वतःच्या पायांची मात्र हेळसांड केली, याचें त्यास नवल वाटलें. आपल्याकडेही हें खरेंच आहे. बैल लंगडला तर शेतकरी त्याच दिवशीं नालबंदाकडे जातो. स्वतः लंगडूं लागला तर बाजाराच्या दिवसापर्यंत थांबतो. त्या काळीं युरोपांत उजव्या व डाव्या पायाचे जोडे निरनिराळे करण्याची रीत मोडलेली होती. एकाच सांच्यावर दोन्ही तयार होत. आपल्या जुन्या मोजडींतही हा भेद नसे. एकोणिसाव्या शतकांत ती रीत हळूहळू पुन्हां रूढ झाली. १८५८ सालीं झुरिचचा अध्यापक हेर्मान फॉन मायर यानें असें दाखवून दिलें कीं, निरोगी पावलांत अंगठ्याच्या मध्यावरून मागें काढलेली रेषा टाचेच्या मध्यावर येते. जोड्याचें टोंक मधोमध निमुळतें केलें कीं अंगठा बाजूस ढकलला जातो, त्याच्या मुळाशीं गांठ येते आणि चालण्याच्या शेवटच्या क्षणीं जो रेटा द्यावयाचा तोच दुबळा होतो.

याच शतकांत चालीचें शास्त्र जन्मास आलें. १८३६ सालीं जर्मनींतील वेबर बंधूंनीं मनुष्याच्या चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. फ्रान्समध्यें मारे यानें जोड्याच्या तळाशीं हवेच्या पिशव्या बसवून पाय केव्हां टेंकतो व केव्हां उचलतो हें कागदावर उमटविलें. अमेरिकेंत मायब्रिज यानें चालणाऱ्या माणसांचीं ओळीनें छायाचित्रें घेऊन १८८७ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. १९०५ सालीं हॉफमन या अमेरिकन शस्त्रवैद्यानें जोडा न वापरणाऱ्या लोकांच्या पायांचा जोडा वापरणारांच्या पायांशीं तुलनात्मक अभ्यास छापला. अनवाणी पायांचीं बोटें मोकळीं व पसरट राहतात, आणि जोड्याच्या कोंडीनें पायाचा आकार जोड्याच्या आकारावर जातो, हें त्यांतून दिसून आलें. ज्या पायास आपण सुसंस्कृत म्हणतों तो पुष्कळ वेळां केवळ चेंगरलेला पाय असतो.

हिंदुस्थानांत इंग्रजी बूट आला तो मान घेऊन आला. आपली रीत अशी कीं आदराच्या ठिकाणीं वहाण बाहेर काढावी. इंग्रजांची अशी कीं टोपी काढावी, बूट नव्हे. यावरून कचेऱ्यांत व दरबारांत तंटे होऊं लागले. अखेर १८५४ सालीं गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलानें ठराव केला कीं, युरोपीय बूट व मोजे घालणाऱ्या एतद्देशीय गृहस्थांस ते घालून अधिकाऱ्यांसमोर येण्यास मोकळीक असावी. देशी जोडा घालणारास मात्र तो बाहेरच ठेवावा लागे! अशा स्थितींत सुशिक्षित वर्गानें बूट जवळ केला यांत नवल नाहीं. पण त्यानें तो पायासाठीं घेतला नव्हता, दारांतून आंत जाण्यासाठीं घेतला होता. उष्ण हवेंत बंद चामड्याचा निमुळता बूट दिवसभर घालण्याची पद्धत शाळांतून व कचेऱ्यांतून पुढें चालत आली ती अशी.

या पद्धतीची किंमत मुलांच्या पायांनीं मोजिली असावी, असें मानण्यास आधार आहे. राव व जोसेफ या दोघां हिंदी वैद्यांनीं ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांचे पाय तपासून १९९२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. पादत्राण वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलाचें प्रमाण शेंकडा ८.६, तर न वापरणाऱ्यांत शेंकडा २.८ आढळलें, आणि पादत्राण वापरणाऱ्यांतही बंद बुटांत तें अधिक, चपला-सँडल वापरणारांत कमी. सपाट पाऊल म्हणजे नेहमींच रोग असें नव्हे, आणि एका पाहणीवरून मुलांस काट्याकुट्यांत अनवाणी धाडावें असेंही आमचें म्हणणें नाहीं. जंत, जखमा व सर्पदंश यांचें भय खरें आहे. पण घरांत, अंगणांत, स्वच्छ मैदानावर मुलांचे पाय मोकळे सोडावे, आणि शाळेचा बूट घेतांना 'दोन वर्षें पुरेल' हा विचार न करतां पुढच्या बाजूस बोटें पसरतील एवढा रुंद घ्यावा, इतका बोध त्यांतून निश्चित निघतो.

हा सर्व इतिहास पाहिल्यावर निवडीचा प्रश्न सोपा होतो. प्रथम आपली चाल ओळखावी. पाय ओला करून फरशीवर किंवा कागदावर उभें राहावें. ठशांत तळव्याची आंतली बाजू पूर्ण भरलेली दिसली तर कमान बसकी. टाच व चवडा यांच्यामध्यें अगदीं बारीक रेघ दिसली तर कमान उंच. मधला पट्टा निम्म्याच्या आसपास असेल तर साधारण. यापेक्षांही खरा साक्षीदार म्हणजे जुना जोडा. तो उलटा करून उजेडांत धरावा. टाचेची मागची बाहेरची कड थोडी अधिक झिजलेली असेल तर चाल स्वाभाविक आहे. टाचेची आंतली कड व अंगठ्याखालची जागा झिजली असेल तर पाऊल आंत कलतें. सबंध बाहेरची कड झिजली असेल तर बाहेर. पुढचें टोंकच घांसलेलें असेल तर पाय पुरता उचलला जात नाहीं. आणि एक जोडा दुसऱ्यापेक्षां फार अधिक झिजला असेल तर दोन पायांवर भार सारखा येत नाहीं. अशा वेळीं जोडा बदलण्याआधीं वैद्यास दाखवावें.

जोडा संध्याकाळीं घ्यावा, कारण दिवसाच्या अखेरीस पाय किंचित् सुजलेले असतात. दोन्ही पाय घालून, उभें राहून, चालून पाहावें. दोहोंपैकीं मोठ्या पायास जो बसेल तोच आपला. सर्वांत लांब बोटाच्या पुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. जोडा हातांत धरून वांकविला तर तो बोटांच्या मुळाशीं वांकावा. मधोमध वांकला तर तो कमानीस आधार देणार नाहीं. टाचेस धरणारा भाग दाबून सहज चेपणारा नसावा. लांब चालावयाचें असेल तर मागें पट्टा हवा. नाहींतर वहाण सुटूं नये म्हणून बोटें सारखीं आवळून धरावीं लागतात आणि पावलें आंखूड पडतात. वारीस निघणारानें नवी कोरी वहाण घालून निघूं नये. निदान दोन-तीन आठवडे ती रोजच्या चालण्यांत घालून पायास सरावूं द्यावी. आणि पावसांत भिजलेले पाय मुक्कामावर पोंचतांच धुवून कोरडे करावे, विशेषतः बोटांच्या बेचक्या. फोड उन्हापेक्षां ओलाव्यानें अधिक येतात.

येथपर्यंत प्रश्न सुखाचा होता. पण एका वर्गाच्या दृष्टीनें तो पाय राहण्या-न राहण्याचा आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. या रोगांत कित्येकांच्या तळव्यांची संवेदना हळूहळू नाहींशी होते. खडा टोंचला, वहाण चावली, डांबरी रस्ता पोळला, तरी कांहीं कळत नाहीं. जखम चिघळते, आणि प्रसंगीं बोट किंवा पाय कापावा लागतो. वेदना ही पायाची पहारेकरीण आहे. ती झोंपली कीं तिचें काम डोळ्यांनीं करावें लागतें. अशा माणसानें रोज रात्रीं तळवे पाहावे, आरसा धरून किंवा घरांतील कोणाकडून पाहवून घ्यावे. जोडा घालण्यापूर्वीं आंत हात फिरवावा. अंगठ्याच्या बेचक्यांत पट्टा येणारी वहाण टाळून रुंद, मऊ तळाची, मागें पट्ट्याची घ्यावी. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो विठोबास दुसऱ्या रूपानें फेडावा. हें ज्ञान आपल्या देशांत प्रथम महारोग्यांच्या सेवेंतून आलें : वेलोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संवेदना गेलेल्या पायांसाठीं मऊ स्पंजी रबराच्या तळाच्या वहाणा प्रचारांत आणल्या. समाजानें ज्यांस स्पर्शही नाकारला, त्यांच्या पायांनीं शिकविलेला धडा आज सुखवस्तु घरांतील वडीलधाऱ्यांचे पाय वांचवीत आहे.

आतां शेवटचा मुद्दा. पाय आणि वहाण यांविषयींचें खरें ज्ञान कोणापाशीं होतें? अध्यापकांचे ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतले. पण झिजलेला तळ पाहून मालकाची चाल सांगणारा चांभार प्रत्येक गांवांत त्याच्या कितीतरी आधींपासून बसलेला होता. जयपूरच्या प्रसिद्ध कृत्रिम पायाचें उदाहरण घ्या. अनवाणी चालतां यावें, उकिडवें बसतां यावें असा तो पाय १९६८ च्या सुमारास तयार झाला, तो डॉ. प्रमोद करण सेठी यांचें वैद्यक आणि रामचंद्र शर्मा या कारागिराचा हात यांच्या संयोगानें. मॅगसेसे पुरस्कार १९८१ सालीं मिळाला तो मात्र डॉक्टरांस. कोल्हापुरी वहाणेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळून महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार जिल्ह्यांचा तिच्यावरील हक्क मान्य झाला. तरीही २०२५ च्या जून महिन्यांत मिलान येथें प्राडा या इटालियन कंपनीनें हुबेहूब तशा वहाणा मूळ कारागिरांचें नांव न घेतां मांडल्या, आणि ओरड झाल्यावर त्यांचें मूळ भारतीय असल्याचें कबूल केलें. त्या कंपनीवर रागावण्याचा आपणांस अधिकार आहे; पण ज्यांच्या नांवाचा आग्रह आपण मिलानमध्यें धरतों, त्यांचें नांव आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आपणांस ठाऊक असतें काय, हाही प्रश्न आहे.

वारीच्या वाटेवर आजही चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा सेवा म्हणून फुकट शिवून देतांना दिसतात. कोणी पाय चेपून देतात. काटेवाडीस परीट मंडळी पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या घालतात. या सर्व सेवेचा केंद्रबिंदु पाय आहे, आणि पालखींत जें विराजमान असतें तेंही पादुकाच. पण याच वाटेनें, चार लाख पावलें टाकून, पंढरीपर्यंत गेलेल्या चर्मकारास देवळाचा उंबरठा ओलांडण्याची बंदी होती. ती उठण्यासाठीं साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यांत प्राण पणास लावून उपोषण करावें लागलें. पादुका मस्तकीं धरावयाच्या, आणि वहाण शिवणाऱ्यास पायरीखालीं ठेवावयाचें, ही विसंगति ज्या समाजानें इतकीं शतकें खपवून घेतली, त्याला आपल्या स्वतःच्या पायांची ओळख नसावी हें ओघानेंच आलें. ज्यास आपण पाहावयाचेंच नाहीं असें ठरवितों, त्याचें ज्ञान आपणांस कोठून होणार?

आतां पाहावयास प्रारंभ करण्यास कांहीं खर्च नाहीं. जुना जोडा फेंकण्यापूर्वीं तो कोपऱ्यावरच्या चर्मकारास दाखवावा आणि मी कसा चालतों असें त्यास विचारावें. तो जें सांगेल तें पुष्कळ अंशीं खरें असेल. आणि त्याचें नांवही विचारून घ्यावें.